बंद व्हॉइसमेलवर आलेलं गाऱ्हाणं

पौर्णिमा-अमावास्या मला कळते ती दिनदर्शिकेत दुधाचे खाडे मांडायला जाते तेव्हा. एरवी माझा त्या दोघींशी काही संबंध नाही. इथे लोक लिहितात ते पैंजणांचे आवाज, पिंपळ, पांढरी साडी — सगळं माझा नवरा चवीने वाचतो आणि मी त्याला विचारते, अरे, त्या बाईला कधी दुसऱ्या रंगाची साडी मिळत नाही का? तर मी ही अशी चेष्टा करणारी बाई. पुढचं वाचून तुम्ही माझी केलीत तर तक्रार करायला मला तोंड नाही.

आम्ही दादरचे. माझी नोकरी परळला, विद्यापीठाशी जोडलेल्या एका संस्थेत. नाव सांगत नाही. कॉम्प्युटर विभाग म्हणायचा, पण म्हणजे मी, माझ्यासोबतचे तावडे, आणि सतत खडखडणारा एक खिडकीतला एसी. माझ्याकडे काम होतं जाणाऱ्यांचं. कोणी रिटायर झालं, नोकरी सोडली, वर्षभराच्या रजेवर गेलं, की त्यांचं ईमेल आणि टेबलावरच्या फोनची व्हॉइसमेल यांची व्यवस्था लावायची. रजेवाल्यांना ऑटो-रिप्लाय लावून द्यायचा, फोनवर "मी अमुक तारखेपर्यंत नाही" असा निरोप भरून घ्यायचा. कायमचे जाणारे असतील तर काही महिने मुदत द्यायची, मग सगळं पुसून तो नंबर दुसऱ्याला. काम रुक्ष, पण त्यात माणसं फार कळतात हो! एक सर मेल बंद झाला म्हणून माझ्याशी अबोला धरून बसले होते. जसं काही मीच त्यांना साठ वर्षांचं केलं.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे लागणार आहे. संस्थेच्या बोर्डावर फोन लावला की "नमस्कार, कृपया आपल्याला हवा असलेला एक्स्टेन्शन नंबर दाबा" असा जो आवाज यायचा, तो माझा. बाहेरची बाई आणायची तर मंजुरी लागली असती. त्यामुळे मला कधी न पाहिलेली माणसंही मला आवाजाने ओळखायची.

हे ज्या वेळचं आहे तेव्हा मोबाइल सगळ्यांच्या हातात आले होते, पण त्यावर तोंडं दिसत नव्हती. परदेशात फोन करणं महाग होतं.

वैशाली परब आमच्याकडे शिकवायची. विषय समाजशास्त्र. बारीक, तरतरीत, बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारी मुलगी. करी रोडचा पूल उतरलं की डाव्या हाताला ज्या चाळी होत्या त्यातल्या एकीत वाढलेली. वडील गिरणीत, विणकाम खात्यात. संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी काही उघडली नाही. मग मिळेल ते करत राहिले, आईने खानावळ चालवली, आणि त्या भाकऱ्यांवर ही शिकली. आई पुढे वारली. आता चाळीत फक्त बापलेक.

तिला वर्षभराची फेलोशिप मिळाली, परदेशात. जायच्या आधी ती माझ्याकडे आली ती नेहमीची कामं करायला, आणि खुर्चीत बसूनच राहिली.

"मॅडम, माझी व्हॉइसमेल बंद नका करू हां."

"रजेवर जाणाऱ्यांची बंद करतच नाही. निरोप बदलतो."

"तसं नाही. बाबा रोज दुपारी मला इथे फोन करतात. 'जेवलंस मां?' एवढंच. मी हो म्हटलं की ठेवतात. तिकडे ते नाही करू शकणार. इथेच करतील, मला माहितीय. मी नाही हे माहीत असलं तरी करतील."

आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये एक सोय होती, जी कोणी वापरत नसे. व्हॉइसमेलवर आलेला निरोप आवाजाची फाइल होऊन माणसाच्या ईमेलवर जाऊ शकायचा. मी ती तिच्यासाठी चालू केली. नीट चाललंय ना हे बघायला एक प्रत माझ्या मेललाही लावली. म्हणजे बापाने करी रोडहून परळला फोन करायचा आणि लेकीने तो समुद्रापार ऐकायचा. फुकट. नियमात बसत होतं की नाही ते मी बघितलं नाही.

मग तिने निरोप भरला. आधी इंग्रजीत रीतसर. नंतर मराठीत, आणि शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही असलात तर भोंगा वाजला की बोला. मी ऐकते." भोंगा म्हणजे आमचा बीप. गिरणीच्या माणसाला तेच कळणार. मी म्हटलं हे ऑफिशियल नाहीये, तर म्हणाली, "मॅडम, राहू द्या ना." राहू दिलं.

पण ती उठेना. मी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. बाबा गाऱ्हाणं घालणार नाही म्हणाले."

मी कायस्थाची. आमच्याकडे कोणी परगावी निघालं की हातावर दही-साखर, बाकी सगळा भर डब्यात सुक्या कोळंबीचे सोडे दिलेत की नाही यावर. गाऱ्हाणं म्हणजे काय ते तिने मला सांगितलं. मालवणी घरात कोणी बाहेर पडायचं असलं, काही नवं सुरू व्हायचं असलं, की घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने देवाला सांगतो. हे लेकरू निघालंय, याचं असं कर, तसं कर, काही चुकलं असेल तर पोटात घाल. आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं — "होय म्हाराजा." ते म्हणणारं कोणी हवंच. एकट्याने घालून चालत नाही.

"संपात ना मॅडम, आमच्या मजल्यावरची माणसं एकेक करून गावाला जायला लागली. खायचं काय इथे राहून? प्रत्येक घर निघताना बाबा गॅलरीत उभे राहून त्यांचं गाऱ्हाणं घालायचे. मी लहान होते, पण आठवतं. सुरुवातीला सगळा मजला होय म्हाराजा म्हणायचा, खाली रस्त्यावर ऐकू जायचं. मग पुढच्या वेळी कमी. मग आणखी कमी. जे गेले ते आता येतो म्हणून गेले आणि कोण परत आलं नाही. शेवटी बाबा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा हो म्हणायला मी आणि आई."

"आणि आता?"

"आता मीच निघाले. परवा सांगितलं, बाबा, गाऱ्हाणं घाला. तर म्हणाले, घालीन, पण हो म्हणायक घरात कोण उरता? तू तुझ्या तोंडाने तुझ्यासाठी म्हणतलंस? आणि भिंतीकडे तोंड करून झोपले." ती हसल्यासारखं करत होती. "मी शिकवते हे सगळं वर्गात. मला माहितीये यात काही नाही. पण राहिलं मॅडम. दहावीला घातलं, मुलाखतीला घातलं... याच वेळी राहिलं."

मी तिला म्हटलं, रागावलेत, उतरेल राग. दुसरं काय म्हणणार.

ती गेली. आणि खरंच, रोज दुपारी माझ्या मेलमध्ये परबकाकांचा निरोप येऊ लागला. सुरुवातीला मी दोन-चार ऐकले, चालतंय ना बघायला. "जेवलंस मां?" मग शांतता. ते उत्तराची वाट बघायचे, तेवढा वेळ लाइन उघडी. मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग फोन ठेवल्याचा आवाज. गाऱ्हाण्याचा विषय नाही, राग नाही, काही नाही. नंतर मी ऐकणं सोडलं, दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं. फक्त मेल आला की बरं वाटायचं, आज काकांनी केला म्हणून.

मग एके दिवशी नाही आला. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बोर्डावर परबांच्या शेजारच्या सुनंदाकाकींचा फोन. त्या मोठ्याने बोलणाऱ्यांतल्या. "गे बाय, वैशूक कळव. परबांका झटको इलो. केईएमात नाय, दुसऱ्या हॉस्पिटलात घातलाव, तुमच्या ऑफिसच्या मागे. बोलणां बंद. नळी घातलीसा घशात."

मी वैशालीला मेल केला. लगेच उत्तर आलं, माझंच लिहिलेलं. "मी सध्या रजेवर आहे. परतल्यावर आपल्याला उत्तर देईन." ते वाक्य मी शेकडो लोकांना लावून दिलं असेल, पण ते कसं लागतं ते तेव्हा कळलं. नंतर तिचं खरं उत्तर आलं. ती निघायच्या तयारीत होती, पण तिकडे बर्फाचं वादळ, विमानं बंद. विमानतळावरच बसून होती बिचारी. तिने एकच विचारलं होतं, "बाबा काही बोलले का?" काय लिहिणार? लिहिलं, अजून नाही.

हॉस्पिटल खरंच आमच्या मागच्या गल्लीत. मी शनिवारी जाऊन येणार होते. पण शनिवार-रविवार जुनं टेलिफोन एक्सचेंज काढून नवं बसवायचं ठरलेलं, महिन्यांपासून ठरलेलं. दोन्ही दिवस मी आणि तावडे वायरींत. जुनी व्हॉइसमेल बंद केली, मशीन भिंतीवरून उतरवून पॅसेजमध्ये भंगारात ठेवलं. नव्या यंत्रावर हजर असलेल्यांच्याच व्हॉइसमेलच्या पेट्या उघडल्या. रजेवर गेलेल्यांच्या ते परत आले की उघडायच्या होत्या. म्हणजे सोमवारी सकाळी वैशाली परबचा नंबर आमच्याकडे कुठेच अस्तित्वात नव्हता. त्यावर फोन लावला असता तर माझाच आवाज आला असता, "हा क्रमांक उपलब्ध नाही" म्हणून.

आणि सोमवारी सकाळी मेल उघडला तर परबकाकांचा निरोप.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. काका शुद्धीवर आले, बोलले! मग डोक्यात प्रकाश पडला. बोलले तरी फोन करणार कुठून? आणि घेणार कोण? मी तावडेंना हाक मारली. दोघं पॅसेजमध्ये गेलो. मशीन तिथेच, पुठ्ठ्यावर, प्लग लोंबतोय.

तावडेंनी डोकं खाजवलं. "मॅडम, क्यूमध्ये अडकलेला असणार. जुना निरोप. सर्व्हरने आता सोडला."

"वेळ आज सकाळची आहे."

"सोडताना आजची लावली असेल. काय टेन्शन घेताय?"

पटण्यासारखं होतं. अजूनही ते मला पटतं, म्हणजे तेवढा भाग तरी. आजारी पडायच्या आधीच्या एखाद्या दुपारी काकांनी केलेला फोन कुठेतरी अडकला आणि उशिरा पोचला. असं होतं. कामं अंगावर होती, सकाळभर नव्या फोनच्या तक्रारी, मी तो मेल तसाच ठेवला.

दुपारी तावडे खाली वडापाव खायला गेले. खोलीत मी एकटी. डबा उघडला, मग का कोण जाणे, बंद केला, हेडफोन घातले आणि तो निरोप लावला.

"जेवलंस मां" नव्हतं. घसा खाकरल्याचा आवाज. मग काका बोलू लागले ते वेगळ्याच आवाजात. उभा राहून बोलणाऱ्या माणसाचा आवाज असतो ना, तसा.

"बा देवा म्हाराजा... आज तुझां लेकरू सात समुद्रापलीकडे गेलां हा, तेच्या पाठी उभो रव रे म्हाराजा..."

आणि थांबले.

मी वाट बघत राहिले. पुढे काही येईना. मला वाटलं फाइल संपली, पण सेकंद पुढे सरकत होते. लांब कुठेतरी कुकर शिट्टी देत होता. आणि मला एकदम कळलं, हा माणूस का थांबलाय ते. तो घरात एकटा उभा आहे आणि हो म्हणणारं कोणी नाही.

मी दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. लाज वाटत होती, खरंच. मी, आयुष्यात घरच्या सत्यनारायणाला सुद्धा प्रसादापुरती जाणारी. पण ती शांतता सहन होईना. मी घसा साफ केला आणि हळूच म्हटलं, "होय महाराजा."

काका पुढे बोलले.

"तेच्या वाटेत काय आडवां-तिडवां येयत, तां बाजूक कर रे म्हाराजा..."

"होय महाराजा."

"थंडी-वाऱ्यात तेचो सांभाळ कर. परक्या मुलखात तेका कोण आपलां म्हणणारां भेटू दी रे म्हाराजा..."

"होय महाराजा."

"जाताना मी तोंड फिरवलंय. तां माझां चुकलां. तेची शिक्षा तेका दिव नको रे म्हाराजा..."

इथे माझा आवाज फुटला. कसंबसं म्हटलं.

"आणि जसां गेलां, तसां सुखरूप घराक येवंदेत रे म्हाराजा."

"होय महाराजा."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी हेडफोन काढले. पदराने डोळे पुसत होते तर टेबलावरचा फोन वाजला. सुनंदाकाकी. या वेळी अगदी हळू बोलत होत्या. "गेले गो परब. आत्ताच. वैशूक कसां सांगाचा?"

वैशालीला सांगायला ती होती कुठे? वादळ निवळलं होतं, तिचं विमान आपल्या सकाळीच उडालं होतं. तसा तिचा एका ओळीचा मेल येऊन पडला होता, "बसले विमानात." मी सांगायचं म्हणजे आकाशात सांगायचं.

ती मंगळवारी उतरली. तोवर काकांना ठेवलं होतं. सगळं आटोपलं, आणि बुधवारी मी चाळीत गेले. करी रोडला मी आधी कधी उतरलेच नव्हते, पुलावरून नेहमी पुढे जायचे. जिन्यात अंधार, गॅलरीत चपला. समोर नवीन टॉवर उभा राहत होता, त्याच्या क्रेनचा आवाज सतत. अर्ध्या खोल्यांना कुलपं. मला एकदम तो सगळा मजला आठवला, जो मी पाहिलाच नव्हता, होय म्हाराजा म्हणणारा.

वैशाली भिंतीला टेकून बसली होती. मला बघितल्यावर उठली आणि गळ्यातच पडली. आमची एवढी ओळखही नव्हती.

"मॅडम, तुम्ही होतात. तुम्ही होतात म्हणून..."

मला वाटलं मेल केले, निरोप दिले, त्याबद्दल म्हणतेय. "अगं, मी काय केलं?"

"विमानात चढायच्या आधी ऐकलं मी. गेटवरच. बाबांनी घातलं गाऱ्हाणं. आणि तुम्ही होय महाराजा म्हणालात. मी लगेच ओळखला आवाज. बोर्डावरचा." ती रडत रडत हसत होती. "हॉस्पिटलात गेलात ना तुम्ही? ऑफिसच्या मागेच आहे. मला वाटलंच होतं तुम्ही जाल."

मी काही बोलायच्या आत तिने लॅपटॉप ओढला आणि ते लावलं.

काकांचा आवाज. शांतता. मग कोणीतरी घसा साफ केला, आणि मी म्हटलं, "होय महाराजा." माझाच आवाज. मागे आमच्या एसीची खडखड. चौथ्या वेळी आवाज फुटलेला, तोही तसाच. सगळं.

तिने ते सोमवारी सकाळी ऐकलं होतं, विमानात चढायच्या आधी. मी ते दुपारी म्हटलं. ती तेव्हा आकाशात होती. आणि मी जे म्हटलं ते एका रिकाम्या खोलीत, हेडफोन घालून, आधीच भरून आलेल्या फाइलला. माझ्यासमोर माइक सुद्धा नव्हता.

आत सुनंदाकाकी चहा करत होत्या. वैशाली माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. तिच्या हातावर हात ठेवला, चहा प्यायले, आणि निघाले.

ऑफिसात आल्याआल्या माझी प्रत लावली. काका आहेत. कुकरची शिट्टी आहे. आणि मधल्या सगळ्या जागा रिकाम्या. मी कुठेच नाही. तावडेंना ऐकवलं, सगळं सांगितलं. तावडे लालबागचे, स्वतः मालवणी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "मॅडम, नवीन एक्सचेंजवर तुमचा आवाज भरलेला आहे. काहीतरी क्रॉस झालं असेल."

"मी एक्सचेंजवर होय महाराजा असं भरलंय का हो?"

तावडेंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. पण भंगारवाला ते जुनं मशीन न्यायला आला तेव्हा तावडे खाली गेटपर्यंत सोबत गेले, हे मी बघितलं.

वैशाली उरलेली फेलोशिप पुरी करून आली. पुन्हा शिकवायला लागली. मी तिचा नंबर नव्या यंत्रावर उघडला. दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजत नसे. जेवायच्या वेळी ती फोनजवळ बसायची, ही सवय मात्र गेली नाही. मला जेव्हा भेटायची तेव्हा हातातलं सोडून उठायची. दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरी यायची. त्या सोमवारबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही आणि मीही नाही. मनात मात्र टोचत राहायचं. तिला वाटतंय मी तिच्या बापाच्या उशाशी होते. आणि मी नव्हते.

मग माझी जायची वेळ आली. निवृत्ती. इतकी वर्षं सगळ्यांची खाती मी बंद केली, माझं बंद करायला एक नवीन मुलगी आली होती. फार अदबीने विचारत होती, "मॅम, ऑटो-रिप्लायमध्ये काय लिहू?" एक्सचेंजवरचा माझा आवाजही त्याच आठवड्यात पुसणार होते. त्या दुपारी वैशाली भेटायला आली. डब्यात बांगड्याचं तिखलं आणलं होतं. जेवलो आम्ही. आणि मला राहवलं नाही.

"वैशाली, एक सांगायचं राहिलंय. मी त्या दिवशी हॉस्पिटलात गेले नव्हते गं. एकदाही नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. घाई केली नाही.

"माहितीये मला."

"माहितीये?"

"काकी सगळे दिवस तिथे बसून होत्या. तुम्ही घरी येऊन गेलात, त्याच संध्याकाळी मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, कोण बाई इली नाय. आणि बाबा शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

ती खिडकीकडे बघत होती. एसी तोच, तसाच खडखडत होता.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, मॅडम. मग बाबांच्या गाऱ्हाण्याला हो म्हणणारं कोण उरलं असतं?"

मी तिला तेव्हा सांगितलं, दुपारी एकटी बसून मी काय केलं ते. तिने ऐकलं. पुढे आली आणि माझ्या पाया पडली. एवढंच.

माझं खातं बंद होऊन बरेच महिने झाले. जाताना मी त्यातला एकच मेल काढून घेतला. नवरा म्हणाला, इथे लिही, कोणी तज्ज्ञ असेल तर उलगडून सांगेल. म्हणून लिहिलं. सांगा कोणाला कळत असेल तर, मला काही कळलेलं नाही. माझ्या प्रतीत त्या जागा अजून रिकाम्याच आहेत. घरात कोणी नसलं की कधीतरी मी ती फाइल लावते. काका बोलतात, थांबतात. आणि मी हो म्हणते.